न दुखणारा हात

मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत नुसता हात. मागे माणूस नाही, आणि त्याची मला खंतही नाही, कारण माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. नर्सिंग कॉलेजच्या सरावाच्या खोलीत मला एका लाकडी फळीवर स्क्रूने बसवले आहे. सलाइनची सुई शिरेत कशी घालायची, हे मुलींनी खऱ्या माणसाआधी माझ्यावर शिकायचे, एवढे माझे काम. मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मारतो. तसा माझा मित्र कोणी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात रबर ओतले, आत शिरांसारख्या बारीक नळ्या घातल्या आणि वरून कातडी चढवली. नळ्यांत लाल पाणी सोडले, की सुई बरोबर बसल्यावर तिच्या मागच्या टोकाशी लाल थेंब दिसतो. मी कॉलेजात आलो तेव्हा सरावाची खोली सांभाळणाऱ्या मॅडमनी मला इतक्या कौतुकाने न्याहाळले, की मला वाटले आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार. तेव्हा मी नवा होतो आणि भाबडा होतो.

लवकरच मॅडमच्या लक्षात आले, की टोचून टोचून कातडी खराब होते आणि नवी कातडी मागवली तर ती काही केल्या येत नाही. त्यांनी नियम केला, "जुन्या छिद्रातच टोचायचं. कातडी टिकली पाहिजे." तपासणीला पाहुणे येणार असले, की त्या मला पावडर लावून काचेच्या कपाटात दर्शनी ठेवत. पाहुणे म्हणत, "किती छान जपलाय हो." मॅडम लाजत. हात शिकवण्यासाठी आहे की दाखवण्यासाठी, हा प्रश्न दोन्हीकडच्या एकाही शहाण्याला पडला नाही.

मुली मला मामा म्हणत. "मामाकडे जाऊन येते" म्हणजे सराव करून येते. या भाच्यांविषयी काय सांगू? अभ्यासापेक्षा अभ्यासाची तयारी यांना फार प्रिय. एकीने उत्साह यावा म्हणून फोनवर दुसरीच कुणी मुलगी अभ्यास करत बसल्याचा व्हिडिओ लावला होता. उत्साह आला, आणि तो तिने पुढचा व्हिडिओ बघण्यात घालवला. काहीजणी गट करून बसत आणि एकमेकींना प्रश्न विचारत. प्रत्येकीने तोच प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर सगळ्यांना येते. मग सगळ्या खूश होऊन चहाला जात.

या सगळ्यांवर ताण करणारी एक होती. तिला सगळे टाइमटेबल म्हणत. ती रंगीत पेनांनी वेळापत्रक करी. पहाटे उठणे हिरव्या रंगात, वाचन निळ्या, सराव लाल. पहाटे तिला जाग येत नसे. मग हिरवा रंग हुकला म्हणून दिवसभर बसून ती नवे वेळापत्रक करी. तिच्याच खोलीत राहणारी डुलकी नावाची मुलगी बसेल तिथे झोपायची. तिच्याकडे कुठलाच रंग नव्हता, आणि तिचे काही बिघडतही नव्हते.

माझ्यावर मात्र टाइमटेबल कधी चुकली नाही. शीर फुगावी म्हणून दंडाला पट्टा बांध, स्पिरिटचा बोळा फिरव, बोट टेकव, सुई घाल, लाल थेंब. मग वेळापत्रकात बरोबरची खूण, आणि शेजारी स्वतःच स्वतःला दिलेली चांदणी. मॅडमनी वर्गात तिचे उदाहरण दिले. मला तोंड असते तर मी तेव्हाच हसलो असतो.

एके दुपारी ती वॉर्डातून आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर धपकन बसली. डुलकी मागोमाग आली.

"वॉर्डातल्या एका आजोबांचा हात काळानिळा केला मी," टाइमटेबल म्हणाली. "सारखी टोचत राहिले. शेवटी त्यांनी हात मागे घेतला आणि सिस्टरना म्हणाले, हिला नका पाठवू."

"मग सिस्टर काय म्हणाल्या?"

"महिनाअखेरीला परत बघणार. तेव्हाही नाही जमलं तर वर्ष पुन्हा. मी नाही करणार ते. घरी जाते. बाबांच्या दुकानात बसेन."

"पण मामावर तर तू कधीच चुकत नाहीस."

"म्हणून तर मला वाटलं ना, मला येतं."

एवढे बोलून तिने सवयीने मला पट्टा बांधला आणि सुई घातली. लाल थेंब आला. पुन्हा घातली, पुन्हा आला. डुलकीला आता झोप आवरेना. तिने आपला टॉवेल माझ्यावर पसरला आणि उशीसारखे डोके टेकवले.

"अगं हो बाजूला, मला शीर दिसत नाहीये."

"मग चाचपून शोध. पळून जाते का ती?"

टाइमटेबलने टॉवेलखाली हात घातला. मनगटापासून कोपरापर्यंत बोटे फिरवली, परत फिरवली. बोटांना शीर काही लागली नाही. तिने टॉवेल ओढून काढला. डुलकीचे डोके फळीवर आपटले. टाइमटेबलची नजर सरळ जुन्या छिद्रावर गेली आणि तिथेच थांबली.

"मी कधी शीर शोधलीच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मी नुसती भोकं बघत होते. बोट आपलं दाखवायला टेकवत होते."

आता ही रडेल आणि काळ्या रंगात नवे वेळापत्रक करील, असे मला वाटले. तिने पेनाऐवजी चिकटपट्टी काढली आणि माझी सगळी जुनी छिद्रे बुजवली. मग डोळे मिटून बोटाने चाचपायला लागली. रोज येई आणि रोज चुके. टेबलभर लाल पाणी झाले, फळीत सुया मोडल्या, माझी नीटनेटकी कातडी चाळणीसारखी झाली. तिच्याविषयी मला आदर वाटला असे समजू नका. एवढे साधे कळायला तिला एका म्हाताऱ्याचा हात काळानिळा करावा लागला होता.

मॅडमनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय केलंस हे? तपासणी तोंडावर आलीय."

"मॅडम, जुन्या छिद्रात टोचून शिकता येत नाही."

"आजवर सगळ्या तशाच शिकल्या ना?"

"वॉर्डात विचारा, मॅडम."

मॅडमनी विचारले नाही. त्यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावले. त्या बाईंना मुलीपेक्षा रबराची काळजी जास्त, आणि त्याला त्या शिस्त म्हणतात.

पुढचे मी काचेआडून ऐकले. मामा गेला म्हणताना टाइमटेबल जिवंत हातांच्या मागे लागली. टोचायला नाही, नुसते चाचपायला. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "आधी ही भांडी विसळ, मग माझा हात धर." तिने विसळली. वॉचमनकाकांची शीर जाड पण बोटाखालून सरकते, मावशींची खोल आहे, हे ती डुलकीला घोळवून घोळवून सांगे. रंग कधी सुटले, हे तिचे तिलाही कळले नसावे. रोज एक नवा हात धरायचा, एवढेच राहिले होते. शेवटी डुलकीनेच सिस्टरसमोर आपली बाही वर केली.

"मी झोपते, तू टोच," ती म्हणाली.

ती झोपली नाही. सुई चुकली आणि ती "आई गं" म्हणाली. टाइमटेबलने लगेच सुई काढली, बोळा दाबून धरला आणि विचारले, "कुठे दुखलं?" डुलकीने बोटाने दाखवले. दुसऱ्या हातावर सुई बरोबर बसली. ही हकीकत ऐकताना मला कळले, की इतक्या वर्षांत मी एकाही मुलीला "आई गं" ऐकवले नव्हते. मग मी शिकवले तरी काय?

महिनाअखेर आली. आजोबा अजून वॉर्डातच होते. तिला पाहताच त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला. नंतर डुलकी सगळ्यांना सांगत होती, "ही सुईला हात लावेना. म्हणाली, आजोबा, नुसता हात बघू द्या, आवडलं नाही तर मी जाते. आणि चाचपतेय, चाचपतेय. सिस्टर घड्याळ बघायला लागल्या. मला वाटलं गेलं हिचं वर्ष. मग आजोबाच म्हणाले, सापडली असेल तर टोच की आता. हिने सुई घातली, पट्टा सोडला, चिकटपट्टी लावली, तरी त्यांचं तोंड आपलं खिडकीकडे. जरा वेळाने विचारतात, कधी टोचणार?"

खोलीतल्या मुली हसल्या. टाइमटेबल हसली नाही. ती खाली मान घालून स्वतःच्या बोटाकडे बघत होती. तेव्हा पहिल्यांदा मला ती जरा बरी वाटली. जराच.

तपासणीला पाहुणे आले. मॅडमनी माझी फाटकी बाजू भिंतीकडे केली, चांगली बाजू पावडर लावून पुढे ठेवली, आणि पाहुणे म्हणाले, "किती छान जपलाय हो." नव्या मुली आल्या आहेत. त्यांच्याकडे नवे रंगीत पेन आहेत, आणि त्यांना जुनाच नियम सांगून झाला आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हातारी वस्तू विनवते, की मला जपा. मला जपू नका. कपाट फोडा, मला बाहेर काढा, नव्या जागी टोचा, चुका, माझ्या चिंध्या करा. मला दुखत नाही. ज्यांना दुखते, ते तिकडे वॉर्डात बाही वर करून तुमची वाट बघत आहेत.