न कापलेला बोल्ट

दत्तोपंतांनी दशरथची मूठ आपल्या उजव्या मुठीत घट्ट धरली आणि छातीकडे ओढली.

"तू विमान चालवायचा दांडा आहेस असं समज. मी ओढतोय. सहजासहजी यायचं नाही."

दशरथने कोपर ताठ केलं.

"अजून जड. अजून थोडं... हं! एवढं. हे लक्षात ठेव."

साजगावच्या त्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुटी झाली होती म्हणून बरं. सत्तरीचा गृहस्थ आणि तिथला फिटर असे हातात हात घालून झटापट करताना दिसले असते, तर महिनाभर चेष्टेला विषय मिळाला असता. दशरथ मात्र हसला नाही. डोळे मिटून उभा राहिला आणि मूठ सोडवून घ्यायची त्याने मुळीच घाई केली नाही.

दांडा हाताला किती जड लागतो, हे दत्तोपंतांना हातानेच ठाऊक होतं. हवाईदलात बावीस वर्षं त्यांनी शिकाऊ वैमानिकांच्या विमानांत दांड्यापासून पंख-शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारा ताणल्या. दुरुस्तीनंतरच्या चाचणीला चार वेळा मागच्या सीटवर बसून वरही गेले. दांड्यावर हात ठेवायची मुभा होती. विमान उतरवायची नव्हती, आणि ती हौस तशीच राहून गेली होती.

सत्तरी पूर्ण झाली तेव्हा मुलीने, निवेदिताने, कर्जतच्या घरी मोठा पडदा आणि विमान चालवायचा खेळ बसवून दिला. खेळ कसला, हुबेहूब विमानच ते! फक्त सोबत आलेला दांडा प्लास्टिकचा. ताकात रवी फिरवावी तसा फिरायचा. दत्तोपंतांनी मुंबईच्या दुकानांत विचारलं, रोज दुपारी इंटरनेट पालथं घातलं. परदेशी दांड्यांची चित्रं सुंदर होती, पण कुठल्याही दुकानदाराला तो हाताला किती जड लागतो हे सांगता येईना. शेवटी हौशी लोकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, काका, तुम्हाला हवाय तसा विकत मिळत नाही, करून घ्या.

एवढा आटापिटा नुसत्या हौसेपायी नव्हता. दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. धावपट्टी जवळ आली की पडद्यावरचं विमान डुलायचं आणि नाकावर आपटायचं. दोष त्या खेळण्याचा, असं ते पत्नीला, पद्मजाबाईंना, ठासून सांगत. पण खरा दांडा हाती आला आणि तरीही विमान डुललं, तर दोष कुणाचा हे उघडच होतं. त्या उत्तराची त्यांना धास्ती होती. चहाचा कप ते हल्ली डाव्या हाताने घेत, आणि बाईही तो डावीकडेच ठेवत.

बाई कशेळ्याच्या शाळेत शिकवायच्या, दशरथ तिथला त्यांचा जुना विद्यार्थी. मूठ सोडल्यावर वर्कशॉपमधलं त्याच्या टेबलावरचं काम दत्तोपंतांनी चष्मा लावून पाहिलं. प्रत्येक बोल्ट नटाबाहेर दोनच आटे ठेवून कापलेला आणि वर कानशीने घासलेला. अंगठा फिरवला तर कुठे खरखर नाही.

"असं नीटस काम हल्ली कोण करतं रे?"

"बाईंनी सवय लावली, काका. वहीत रेघ जरा भायेर गेली की पुन्ना लिवायला लावायच्या. आयटीआयचा फॉर्मबी त्याच घेऊन आलत्या, पार आमच्या वाडीपतुर."

दहा दिवसांनी दशरथ कामावरून परतताना गोणपाटात गुंडाळलेला दांडा घेऊन आला. लोखंडी पेटीवर उभा, मुठीला रबर. जुन्या खेळण्यातलं सर्किट त्याने आतच बसवलं होतं. टेबलाला कसून वायर जोडून झाल्यावर तो लगेच निघाला.

"अरे, उडवून तर बघू!"

"तुमी बघा निवांत. मला कशेळ्याची जीप गाठायचीय."

दत्तोपंतांनी मूठ धरली. तंतोतंत तोच जडपणा. चाळीस वर्षांपूर्वीची मागची सीट जणू अंगाखाली आली. विमान वर गेलं, वळलं, धावपट्टी समोर आली. विमान डुललं नाही. चाकं अलगद टेकली.

"पद्मजा! उतरलं! सांगत होतो ना, त्या खेळण्यातच खोट होती!"

त्यांनी आणखी तीनदा उतरवलं. मग जुन्या सवयीने, वंगण कुठे लागेल ते बघायला पेटीचं झाकण उघडलं.

स्प्रिंगा होत्याच. पण शेजारी दोन लोखंडी पत्र्यांच्या मध्ये चामड्याच्या चकत्या दाबून बसवल्या होत्या. त्या त्यांनी सांगितल्या नव्हत्या. दांडा जड व्हायला स्प्रिंग पुरते. चामडं कशाला घालतात, ते दत्तोपंतांना कुणी सांगायची गरज नव्हती. हाताची थरथर पुढे पोचू नये म्हणून घालतात.

ते खुर्चीत टेकले. मिटलेल्या डोळ्यांनी दशरथने इतका वेळ मूठ का सोडवली नव्हती, ते त्यांना आता कळलं.

चकत्या दाबणारा बोल्ट नटाबाहेर चांगला दोन बोटं आलेला होता. तेवढा एकच. बाकीचे सगळे बेताने कापून घासलेले. त्यांनी फोन लावला.

"दशरथ, एक बोल्ट कापायचा राहिला का रे?"

पलीकडे जीपची घरघर ऐकू येत होती.

"नाय काका, इसरलो नाय. ऱ्हाऊ द्या तसाच. आता हलकाच आवळलाय. म्होरं लागंल तशा चकत्या वाढवून तुमचा तुमाला आवळता येईल."

दत्तोपंतांनी त्या बोल्टावरून अंगठा फिरवला. दुसऱ्यांनी सुखरूप उतरावं म्हणून ते जन्मभर तारा ताणत आले होते. आपल्यासाठी असं कुणी करील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"दशरथ..."

"हां, काका?"

"फार छान उतरलं रे विमान."

"मंग झालं तर."

त्यांनी बोल्टावर तेलाचा एक थेंब सोडला आणि झाकण लावलं. पद्मजाबाईंनी चहा आणून नेहमीसारखा डावीकडे ठेवला. दत्तोपंतांनी तो सरकवून उजव्या हाताने उचलला. कप बशीत किणकिणला.

"सांडेल हो."

"सांडला तर पुसू," ते म्हणाले. "बस इथे. तुझ्या दशरथने काय केलंय ते दाखवतो."