दोन बोटं बाहेर

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या. माझा आवाज बारीक आहे आणि मी फार उंचावरून बोलतो आहे. मोठ्या माणसांपर्यंत तो पोहोचतच नाही, म्हणून तुम्हालाच बोलावलं. एक गोष्ट सांगतो. ती ऐकून तुम्हाला माझं एक काम करायचं आहे. ते काम शेवटी सांगेन.

मी एक जुनं बॅडमिंटनचं फूल आहे. कुणी मला शटल म्हणतात. वसईतल्या एका मोठ्या क्रीडागृहाच्या छताखाली, एका सुकलेल्या माळेत मी अडकलो आहे. मान वर करून पाहाल तर झेंडूच्या काळपट गोंड्यांमध्ये एक मळकट पांढरा गोंडा दिसेल. तो मी.

माझा जन्म दूरच्या देशात एका कारखान्यात झाला. हंसाची सोळा पिसं निवडून बुचाच्या टोपीत खोचली, दोऱ्यानं बांधली, डिंक लावला. मग आम्हा भावंडांना एका नळकांड्यात एकात एक बसवून झाकण लावलं. आत काळोख. ज्या पिसांनी कधी आभाळ पाहिलं होतं, ती हलायलाही जागा नाही अशी बसली. तरी आम्ही कुरकुर केली नाही. आमचं आयुष्य म्हणजे काही फटके, एवढंच. त्या फटक्यांसाठी थांबायला आम्ही तयार होतो.

आमच्या जातीची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ती लक्षात असू द्या. रॅकेटवरून सुटल्याबरोबर आम्हाला कळतं की आपण कुठे पडणार. माणसांना पडल्यावर कळतं.

नळकांड्याचं झाकण उघडलं ते वसईत, थंडीच्या दिवसांत. इथे एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. देशोदेशीचे खेळाडू आले होते, दिव्यांचा नुसता लखलखाट होता. मुख्य स्पर्धेआधी पात्रता फेरी असते. तिचा शेवटचा सामना होता होळी गावच्या आर्याचा आणि थायलंडहून आलेल्या एका मुलीचा. जी जिंकेल ती मुख्य स्पर्धेत जाणार होती. आर्याचं सगळं लहानपण त्या एका दाराकडे चालत आलं होतं.

बघायला तिचे आजोबा आले होते. धर्माआबा. होळीला त्यांची वाडी आहे, केळी आणि पानवेलीची. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात सुकेळीची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी. पुडीतली निम्मी सुकेळी दारातच मर्सीताईला देऊन झाली होती. मर्सीताई या क्रीडागृहाची देखभाल करते, किल्ल्या तिच्याच कमरेला.

आता त्या माळेची हकिकत. श्रावणात गावाचा हरिनाम सप्ताह असतो. देवळापुढे पावसाचं पाणी साचतं म्हणून काही वर्षांपासून सप्ताह या क्रीडागृहात होतो. छताला माळा बांधायचं काम आबांचं. काल्याच्या दिवशी सगळ्या माळा उतरवतात, पण त्यांच्या गावची रीत अशी की एक माळ ठेवायची. पुढच्या वर्षी देवाला परत यायची वाट दिसावी म्हणून. मर्सीताईनं एकदा विचारलं होतं, "काका, ती वरची चुकून राहिली का?"

"राहिली नाही बाय, ठेवली."

"मग राहू दे. आमचा नाताळचा तारा पण फेब्रुवारीपर्यंत लटकतो, घरी मायकल रोज उद्या काढतो म्हणतो."

स्पर्धेची माणसं आली, त्यांनी दिवे तपासले, जाळी तपासली. काथ्यात ओवलेली ती माळ तोवर छताच्या लोखंडाच्याच रंगाची झाली होती. ती कुणाला दिसली नाही. मर्सीताईला दिसत होती, पण देवाची म्हणून तिनं हात लावला नाही.

सामना तिसऱ्या गेमपर्यंत गेला. वीस-वीस अशी बरोबरी झाली आणि माझी पाळी आली. काय सांगू मित्रांनो, सगळा जन्म त्या थोड्या क्षणांत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग त्या थायलंडच्या मुलीनं मला जाळीशी हलकेच टाकलं. आर्या धावली, वाकली, आणि तिनं मला उंच उचललं.

मी वर गेलो, वळलो, आणि तोंड खाली केलं. मागच्या टोकाला आलेलं फूल जवळजवळ सरळ खाली पडतं. खाली मला मागची पांढरी रेषा दिसत होती. माझी जागाही दिसत होती. रेषेच्या पलीकडे, दोन बोटं बाहेर. आर्याचा फटका तेवढाच लांब गेला होता.

पण मी खाली पोहोचलोच नाही. काथ्याच्या फासात माझी पिसं गुंतली आणि मी तिथेच लोंबत राहिलो.

नियम असा की वरच्या कशातही फूल अडकलं तर गुण समोरच्याला. पंचांनी तसंच सांगितलं. पुढचा गुणही आर्या हरली आणि सामना संपला. ती समोरच्या मुलीशी हात मिळवून आली, बॅगेजवळ बसली आणि तोंडावर टॉवेल घेतला. सगळं क्रीडागृह माझ्याकडे पाहत होतं. आबाही पाहत होते. ते मला पाहत नव्हते, स्वतःच्या हातानं मारलेली गाठ पाहत होते.

बाहेर पडताना शेजारचे भालचंद्र म्हणाले, "धर्मा, देवासाठी वाट ठेवलीस आणि पोरीचीच अडवलीस की." ते चेष्टेत बोलले. त्यांच्यापाशी त्यांचा शब्द दाराबाहेरही टिकला नाही. आबांच्या पोटात तो गेला आणि तिथेच बसला.

स्पर्धा संपली, दिवे गेले. माझी भावंडं केव्हाच तुटून कचऱ्यात गेली होती. मी तेवढा उरलो. लोकांना वाटेल, नशीबवान. मित्रांनो, अडकून जगण्याला मी नशीब म्हणत नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि माझी पिसं करपतात. एक कोळी माझ्यात घर करून गेला. खाली सकाळी मुलं खेळतात, त्यांची फुलं उडतात आणि पडतात, आणि मला पडायचं राहिलेलं आहे. माझी ती जागा मला रोज दिसते. ती मोकळीच आहे.

एकदा दुपारी आर्या आबांना घेऊन आली. दोघं माझ्या बरोबर खाली बसली.

"आबा, ते बाहेरच जात होतं," आर्या म्हणाली. "हातातनं सुटलं तेव्हाच मला कळलं."

"असेल बाय."

"असेल नाही, होतंच. माळ नसती तरी गुण तिचाच होता."

आबा हसले. "तुझी आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी रोज सांगायचो, डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. तीपण अशीच मान हलवायची, मी आता हलवतोय तशी."

आर्यानं त्यांचा हात धरला. मी वरून ओरडत होतो की पोरगी खरं बोलते आहे, अगदी बोटाच्या मापानं खरं बोलते आहे. पण बुचाच्या तोंडाला कुठला आवाज?

पुन्हा श्रावण आला. या वेळी आबा शिडीवर चढले नाहीत. कुशल नावाचा गावातला तरुण चढला. नव्या माळा बांधून झाल्यावर रीतीप्रमाणे जुनी काढायला त्यानं कोयता माझ्यापर्यंत आणला. माझा जीव हलका झाला. आता पडेन, जमिनीला टेकेन.

"तिला हात लावू नको," आबा खालून म्हणाले. "राहू दे. मला दिसत राहू दे."

कुशल उतरला. तेव्हा मला कळलं, मी माळेत अडकलो आहे आणि आबा माझ्यात.

कीर्तनाला द्वारकाबाई उभ्या राहिल्या. काय गोड गळा हो त्यांचा! त्या गायला लागल्या की पत्र्यावरचा पाऊसही ठेक्यात पडतो असं वाटतं. सात दिवस मी माझं अडकणं विसरलो, खोटं कशाला बोलू? आबा मागे टाळकऱ्यांत उभे होते. टाळ हातात, पण वाजत नव्हता. द्वारकाबाईंनी एकदा म्हटलंही, "धर्माजी, टाळ हातात घेतलाय की निजवलाय?" लोक हसले. आबाही हसले. टाळ निजूनच राहिला.

शेवटच्या दिवशी बाईंनी दाव्याचं आख्यान लावलं. यशोदामाई कान्हाला उखळीला बांधते आहे. दावं दोन बोटं कमी पडतं. दुसरं जोडते, तरी दोन बोटं कमी. घरातली सगळी दावी संपली तरी दोन बोटं कमीच. बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती दोन बोटं त्याची असतात, माउली. आपण उगाच गाठी मोजत बसतो."

आबांनी मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात जवळ आले, टाळाला टाळ भिडेल इतके जवळ. दोन बोटं, आबा, मी म्हणत होतो, दोन बोटंच बाहेर होतो मी. हात क्षणभर तसेच राहिले. मग ते खाली गेले.

तर मित्रांनो, काम ते हेच. आर्या आता पुढच्या स्पर्धेची तयारी करते आहे, तिची काळजी नाही. मलाही कुणी सोडवलं नाही तरी चालेल. पण चेष्टेतला शब्द कुणाच्या पोटात बसला असेल तर तो काढायला परत जायचं असतं, हे तुम्ही विसरू नका. आणि कधी होळीला गेलात तर केळीच्या वाडीत पांढऱ्या टोपीचे म्हातारबाबा दिसतील. ते सुकेळं हातावर ठेवतील. ते खा, आणि त्यांना सांगा, आबा, फूल दोन बोटं बाहेर जात होतं. नातीनं सांगितलं म्हणू नका. फुलानं सांगितलं म्हणा.

आणि जाणं झालं नाही, तरी कुठे कीर्तनात टाळ वाजला की धर्माआबांची आठवण काढा. एक टाळ अजून वाजायचा आहे.