मला कोंडा म्हणायचं नाही

मी चंद्रावरून बोलतोय. हसू नका. खरंच चंद्रावर आहे, त्याच्या डाव्या गालाला चिकटलोय, आणि इथून खालचं सगळं नाटकघर दिसतं. चंद्र पुठ्ठ्याचा आहे ही गोष्ट वेगळी.

मी एक पापुद्रा. एका माणसाच्या डोक्यावरचा. एवढं ऐकल्यावर तुम्ही म्हणणार, "ईऽऽ, कोंडा!" बघा, म्हणालातच. सगळे तेच म्हणतात. त्या एका शब्दाने माझं उभं आयुष्य नासवलं. म्हणून आधी सगळी हकिकत ऐका, मग काय ती नावं ठेवा.

ज्याच्या डोक्यावर मी जन्मलो, त्याला सगळे गायब म्हणतात. कारण गायब राहणं हीच त्याची नोकरी. तो अंधारातल्या नाटकात काम करतो. स्टेजवर मागे काळा पडदा, खाली काळं, वर काळं. माणसंही नखशिखांत काळ्या कपड्यात, तोंडावर काळं टोपडं. दिवे फक्त जांभळे. त्या दिव्यात काळं काही दिसत नाही, रंगवलेल्या वस्तू तेवढ्या लखलखतात. मग मासे हवेत पोहतात, खुर्च्या एकमेकींशी भांडतात, आणि चंद्र आपला आपण वर चढतो. आपला आपण कसला, काठीला लावून गायब चढवतो त्याला. घरीसुद्धा आरशासमोर झाडू उलटा धरून प्रॅक्टिस. बायको केर काढायला झाडू मागायची, हा म्हणायचा, "थांब गं, अजून मावळला नाहीये."

नाटक बसवणाऱ्या बाईंचा एक कायदा होता. काळे कपडे नुसत्या पाण्यात धुवायचे. कपडे धुवायच्या लिक्विडमध्ये पांढरं आणखी पांढरं दिसावं म्हणून काहीतरी घातलेलं असतं, ते जांभळ्या दिव्यात भलतंच चमकतं. एकदा एकाने विसरून त्या लिक्विडने पायजमा धुतला. भर प्रयोगात एकटा पायजमा स्टेजभर पळत होता. तेव्हापासून कपड्यांच्या बाबतीत सगळे जीव मुठीत धरून असायचे. डोक्याबद्दल मात्र कायद्यात काही नव्हतं. इथेच घोळ झाला.

घोळाची सुरुवात केली दिवेवाल्याने. हा जांभळे दिवे सांभाळायचा आणि डोक्यावरची लोकरीची टोपी कधी म्हणजे कधीच काढायचा नाही. चहाच्या वेळेला तो गायबला म्हणाला, "अरे गायब्या, तुझं डोकं काय चिकट झालंय! टोपडं काढलंस की वास मारतो."

"रोज धुतो मी."

"रोज? हॅ! पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ धुऊन दाखव. एक दिवस चुकलास तर माझे सगळे दिवे पुसायचे."

"आणि नाही चुकलो तर?"

"तर ही टोपी काढून, बाईंच्या खुर्चीवर उभा राहून, कोंबड्यासारखा आरवेन."

शहाण्या माणसाने काय केलं असतं? चहा संपवून उठला असता. आमच्या मालकाने हात पुढे केला. "लाव टाळी!"

मी तेव्हा खालच्या मजल्यावर होतो. डोक्याच्या कातडीला मजले असतात. आम्ही तळाशी जन्मतो आणि हळूहळू, कुणाला पत्ता न लागता, वर सरकत येतो. वर पोहोचलो की एकेकटे, गुपचूप गळून जातो. सभ्य रीत आहे आमची. पण पैज लागली आणि वरच्यांची पळापळ झाली. सकाळी फेस, संध्याकाळी फेस. कातडीचं स्वतःचं थोडंसं तेल असतं, आमचं पांघरूण म्हणा. ते वाहून जायला लागलं.

तरी सुरुवातीचे दिवस निभावले. शाम्पू बरा होता, फुलांच्या वासाचा. मग एका सकाळी बाटलीतून जे बाहेर आलं, ते काही वेगळंच होतं. रंग तोच, निळा. वास मात्र धुतलेल्या चादरीचा. मालकाला कळेल तर शपथ. काळ्या पडद्यांच्या धुळीने त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं. तो खुशाल फेस करून गात होता, आणि इकडे आमच्या पांघरुणाच्या चिंध्या. कातडी अशी ताणली गेली, की तो भुवया वर करायचा तर कान हलायचे. मी वेळेच्या आधीच वर ढकललो गेलो आणि भांगाच्या कडेला एका पायावर लटकत राहिलो, ना धड डोक्यावर, ना धड खाली.

माझी भावंडं मात्र गळायला लागली. सदऱ्यावर, उशीवर, अण्णांच्या पेपरवर.

अण्णा म्हणजे मालकाचे वडील. निवृत्त हेडमास्तर. मागे कानांवर केसांची एक झालर, बाकी सगळं मैदान. घरात काही बिघडलं की ते अजूनही शाळेत असल्यासारखे गरजायचे, "ज्याने केलं त्याने उभं राहावं!" नळ उघडा राहिला, उभं राहा. दूध उतू गेलं, उभं राहा. त्या सकाळी पेपरवरचे पांढरे ठिपके बघून ते गरजले, "ज्याच्या डोक्यात कोंडा आहे त्याने उभं राहावं!"

गायब घास हातात घेऊन उभा राहिला.

"डोकं धूत जा नीट!"

"अण्णा, दोनदा धुतो हो."

"मग तीनदा धू!"

बायको म्हणाली, "अहो, खाज पण येतेय का?"

"येते ना. आणि ओढल्यासारखं होतं."

"कोंडाच असणार," ती म्हणाली. "बाटली संपेपर्यंत चोळा आता." अण्णांनी पेपर तोंडासमोर उंच धरला. तेव्हा मला वाटलं, बातमीत रमलेत.

तर असं सुरू झालं. आम्ही दिसलो की तो धुवायचा, तो धुवायचा की आम्ही आणखी जन्मायचो. त्याला वाटायचं आम्ही हट्टी आहोत. अरे बाबा, तूच बोलावतोयस आम्हाला!

नाटकात तर धमालच झाली. अंधारात मालक चंद्र घेऊन निघाला, आणि पहिल्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "आईऽ, चंद्राला खांदे आहेत!"

खरंच होते. माझी भावंडं काळ्या खांद्यांवर पडून जांभळ्या दिव्यात निळीपांढरी झगमगत होती. तेवढ्यात मालकाला खाज सुटली. एका हाताने तो टोपड्यावरून खाजवायला लागला, दुसऱ्या हातातला चंद्र गदागदा हलायला लागला.

"आईऽ, चंद्राला उवा झाल्या!"

नाटक दुःखाचं होतं. लोक खुर्च्यांवरून घसरून हसले.

पडदा पडल्यावर बाई आल्या. त्या ओरडत नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारी पुन्हा प्रयोग आहे. खांदे दिसले, तर चंद्र दुसऱ्याकडे. तू बाहेर दारात तिकिटं फाड."

मालकाचं तोंड उतरलेलं मी वरून बघितलं. वरून फक्त नाक दिसतं, पण नाकही उतरलं होतं. घरी गेल्यावर तो म्हणाला, "सरळ टक्कल करतो. झंझटच नको."

"खबरदार!" अण्णा ताडकन उठले. "आहेत त्यांची किंमत नाही तुला!" आणि तरातरा बाथरूममध्ये जाऊन त्यांनी कडी लावली. सून म्हणाली, "अण्णांना हल्ली आंघोळीला फार वेळ लागतो." कोणी पुढे विचार केला नाही. मीसुद्धा नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी चंद्राची पेटी उचलताना मालक आणि दिवेवाला दोघं वाकले आणि त्यांची डोकी आपटली. दिवेवाल्याच्या टोपीखालून कोणीतरी घसरलं आणि धप्पकन माझ्या शेजारी येऊन बसलं. केवढा ऐवज! पिवळट, तेलकट, जाडजूड.

"कोण तू?" मी विचारलं.

"कोंडा. खानदानी. तू?"

"मीपण कोंडाच... म्हणतात."

जाड्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसला. "तू? हॅ! इतका बारीक, पांढराफटक? कोणी शिंकलं तर उडशील! मी एकदा बसलो की नखाशिवाय उठत नाही. तुमच्याकडे तेल किती?"

"थेंब नाही."

"मग बुरशी काय खाणार, माती? आमच्याकडे बुरशी असते, ती तेलावर पोसते. खालची कातडी लाल होते. भुवयांत आम्ही, नाकाच्या कडेला आम्ही. नुसते डोक्यावर कुठे मावतोय! डोकं नीट धुतलं की कमी होतो, म्हणून तर आमच्या मालकाने धुणंच सोडलंय, भला माणूस आहे. तुमच्याकडे धुतल्यावर काय होतं?"

"वाढतो."

"आणि मालकाचे हात-पाय?"

"तेही भेगाळलेत. विशेषतः हात, फेस लागतो तिथे."

"मग गाढवा, तू कोंडा नाहीसच! तू कोरडा पडलायस. बाटलीत काहीतरी भयंकर आहे. सांग मालकाला."

"कसं सांगू? मला तोंड नाही."

"मग आत्ता काय, ढोपराने बोलतोयस?"

इतक्यात मालकाने खाजवलं आणि जाड्या उडून गेला. मी मात्र लटकत राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मी कोंडा नव्हतो! पण हे फक्त मला माहीत होतं. आणि मालकाने घाबरून प्रयोगाच्या दिवशी तीनदा डोकं धुतलं.

शुक्रवार. नाटकघर भरलेलं. बायको आली होती, आणि शेजारी अण्णा, पांढराशुभ्र शर्ट घालून. बाई विंगेत हाताची घडी घालून उभ्या. दिवे गेले, जांभळे लागले. मालकाने टोपडं ओढलं, आणि त्या झटक्याने माझा पाय सुटला.

मी पडलो. काय सांगू तुम्हाला, पडताना मी चमकत होतो! सगळं अंधारात आणि मी एकटा निळा. थेट चंद्रावर उतरलो, गालावरच्या ओल्या गोंदात. खाली बघितलं तर मालकाचे खांदे दिवाळीतल्या दुकानासारखे लखलखत, सगळ्यांना दिसत होते. बाईंनी मान हलवली आणि तिकीटवाल्याला बोलवायला वळल्या.

तेवढ्यात प्रेक्षकांतून मालकाच्या बायकोचा आवाज आला. हळू बोलायला गेली, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "अण्णा... तुमचा शर्ट आणि ह्यांचे खांदे अगदी एकसारखे कसे हो चमकतात?"

सगळ्या माना वळल्या. अंधारात एक पांढरा शर्ट बसला होता. नुसता शर्ट. वरचं टक्कल काळोखात बुडालेलं.

"शर्ट मी लिक्विडने धुतला," ती म्हणाली. "ह्यांचे काळे कपडे नुसत्या पाण्यात. मग ह्यांच्या डोक्याला लिक्विड कुठून?"

चंद्र अर्ध्यावरच अडकला होता. माझ्या मनात आलं, आता अण्णा गरजणार, ज्याने केलं त्याने उभं राहावं.

अण्णा गरजले नाहीत. बिनडोक्याचा शर्ट हळूच उभा राहिला.

"बाई," शर्ट म्हणाला, आवाज अगदी बारीक, "त्याला कोंडा नाहीये. शाम्पूची बाटली संपली होती, तिच्यात मी कपड्यांचं लिक्विड भरलं. रंग सारखाच होता. चंद्र त्याच्याकडेच राहू द्या. शिक्षा काय ती मला करा."

मागच्या प्रयोगाची ती चिमुरडी पुन्हा आली होती, ती ओरडली, "आईऽ, शर्ट रडतोय!"

बाई हसल्या. मी त्यांना हसताना तेवढंच एकदा बघितलं. त्यांनी हाताने खूण केली, चालू दे. चंद्र वर चढला, खांद्यांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या प्रयोगाला खांदे नव्हते. मालक आता एक दिवसाआड डोकं धुतो, सौम्य शाम्पूने, कोमट पाण्याने. कातडी ढिली पडली, कान हलायचे थांबले. पैजेचे पंधरा दिवस त्या शुक्रवारीच भरले होते, म्हणून दिवेवाला बाईंच्या खुर्चीवर चढून आरवला. त्याने टोपी काढली तेव्हा जाड्याचं सगळं खानदान खाली आलं, आणि जांभळ्या दिव्यात त्यातलं एकही चमकलं नाही. आता त्याला खऱ्या कोंड्याचा शाम्पू लावतात, सगळ्यांसमोर.

मी इथेच राहिलो. मालकाने मला बघितलंय. खरवडायला नख पुढे केलं, मग म्हणाला, "असू दे. चंद्रावर डाग असतोच." तुमच्याकडे एकच मागणं आहे. खांद्यावर पांढरं दिसलं की लगेच ओरडू नका. आधी बघा, तेलकट आहे की कोरडं, धुतल्यावर कमी होतं की वाढतं. आणि बाटलीचा वास घ्या एकदा.

आता एवढंच राहिलं. त्या प्रयोगानंतर विंगेत सुनेने अण्णांना विचारलं, "पण अण्णा, बाटली आठवड्यात संपली कशी? हे दोनदा धुतात ते धरूनसुद्धा एवढा शाम्पू लागत नाही. गेला कुठे?"

अण्णांनी बुटांकडे बघितलं. गायब चंद्र बगलेत धरून उभा होता, म्हणून मला सगळं जवळून दिसलं. मग त्यांनी हात वर नेला, डोक्यावरच्या त्या मोकळ्या मैदानावर ठेवला, आणि म्हणाले,

"बाटलीवर लिहिलं होतं गं... केस दाट होतात."