परीक्षेपुरती बदली

आमच्या वर्गात शिकवायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारतात, भांडी घासता येतात का?

वर्ग म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नसते, आणि जागा असली तर वेळ नसतो, अशी पोरं संध्याकाळी तिथे येतात. वर्ग चालवणाऱ्या मोठ्या बाईंचं म्हणणं असं, की गणित येत नाही म्हणून कुणी शाळा सोडत नाही. घरी वाटणीचं काम पडून राहतं, म्हणून सोडतं. तेव्हा परीक्षेच्या दिवशी पोराने पेपर द्यायचा आणि आमच्यापैकी एकाने त्याच्या घरी जाऊन त्याचं काम करायचं. याला आम्ही बदली म्हणतो. बदली म्हणून मी आजवर फुगे विकलेत, जुळी बाळं सांभाळलीत आणि एका आजोबांची दाढी केलीय. आजोबा अजूनही मला पाहिलं की गाल झाकतात.

या वेळी कात्रीची बदली होती. कात्री नववीत. नाव जिभेवरून पडलेलं. बापाचं कोंबडीचं दुकान, आणि शाळेव्यतिरिक्तचा सगळा वेळ ती तिथे. एक जरी पेपर बुडाला तरी ती नापास होणार होती, आणि नापास झाली की शाळा बंद, असं बापाने जाहीर केलेलं. पेपर बुडायची सोयही त्यानेच केली होती. परीक्षेच्या आठवड्यात गिऱ्हाईक फार, त्यामुळे सुट्टी मिळणार नाही.

काम तिने मला तोंडी समजावलं.

"बाप कापतो. तुम्ही पाण्यात बुडवायची, पिसं काढायची, धुवायची. पाणी उकळू द्यायचं नाही. बोट घातल्यावर आई गं म्हणावंसं वाटलं की बास. पिसं पोत्यात भरायची. पिंजऱ्यात हात घालाल तेव्हा मागून धरा, नाहीतर चोच मारते."

"एवढंच?"

"एवढं तरी करा, सर."

सकाळी दुकानात गेलो तर तिची आई वजनकाट्यापाशी उभी होती आणि बाप सळईवर सुरा घासत होता. त्याने मला वरून खाली पाहिलं, जसा तो माल पाहतो.

"हा कोण?"

"बदली आहे. पोरगी पेपरला गेली," आई म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"तुम्हालाच. काल विचारलं, तुम्ही हूं म्हणालात."

"मी घोरत होतो!"

"मला काय कळणार? जागेपणीही तसंच बोलता."

गिऱ्हाईक दारात उभं होतं म्हणून वाद तिथेच राहिला. मी ॲप्रन बांधला. ॲप्रन कात्रीच्या मापाचा होता, मला तो लाळेऱ्यासारखा बसला. बापाने कोंबडीच्या मानेवर सुरा फिरवला आणि ती माझ्याकडे फेकली. मान नसली तरी तिचा पळून जायचा बेत कायम होता. मी तिला मिठीत घेऊन फरशीवर बसलो. रक्त चष्म्यावर आलं. चष्मा पुसेपर्यंत पाणी उकळलं, आणि पुढची कोंबडी बुडवून वर काढली तर पिसांबरोबर कातडीही हातात आली.

पहिली थोबाडीत बसली तेव्हा मला खरंच वाटलं, त्याने माझ्या गालावरची माशी मारली.

"कातडी सुटली," बाप म्हणाला. आवाजात राग नव्हता. बाहेर ऊन पडलंय, अशा सुरात सांगितलं.

"काका, मी सर आहे."

"असशील. कातडी सुटली." आणि दुसऱ्या गालावर दिली.

मग कामाला वेग आला. पंख राहिला की पोटरीवर लाथ. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं की पाठीत सळई. माझ्या पाठीत सळई बसली की मी शहाण्यासारखं "अहो" म्हणत होतो. अशा वेळी काय म्हणतात याची मला सवय नव्हती. दर वेळी मी आईकडे पाहायचो, आणि ती काट्याकडे पाहायची.

"वहिनी, हे रोजचं आहे?"

"पाणी जास्त तापलं की असतं."

"कात्री मला हे बोलली नाही."

"तुम्ही तिला काम विचारलंत ना? मग तिने कामच सांगितलं."

मी मान खाली घालून पिसं काढायला लागलो. बदलीच्या सगळ्या अनुभवात कुठल्या पोराला घरी मार बसतो का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मोठ्या बाईंनाही नाही. आणि ती तरी का सांगेल? श्वास घ्यायचा असतो, हे काही कुणी कामात धरून सांगत नाही.

खरी गडबड गिऱ्हाइकांनी केली. बापाने माझं डोकं पिंजऱ्यावर आपटलं, आतल्या कोंबड्यांनी एकदम वर पाहिलं, आणि रांगेतल्या आजी ओरडल्या, "अगं बाई! मोठ्या माणसाला मारतो हा!"

हेल्मेट घातलेला एक जण पुढे आला. "भाऊ, सोडा. मास्तर आहेत ते. शिकलेल्या माणसावर हात टाकतात का कुणी?"

"रोज पोरगी मार खाते तेव्हा?" आईने विचारलं.

"ती त्यांची पोरगी आहे, ताई. घरातलं प्रकरण." हेल्मेटवाल्याने काट्याकडे बोट केलं. "माझं बारीक तुकडे करून द्या."

दारात माणसं जमली. आतापर्यंत बाप शांतपणे मारत होता, आता त्याला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की तो फार वाईट माणूस व्हायचा. त्याने ओंडक्यावर सुरा असा हाणला की आजींची पिशवी हातातून सुटली.

"बास झाली बदली! हिची कटकट नको, त्याची नको. पोरीलाच घेऊन येतो. तिला काम येतं, आणि तिला मारलं तर कुणाच्या बापाचं काही जात नाही."

"तिचा पेपर अर्धा राहिलाय," मी म्हणालो.

"मग अर्धा तर झाला!"

शाळा रस्त्याच्या पलीकडेच होती. मी जाऊन दुकानाच्या दारात उभा राहिलो. आयुष्यात मी मारामारी केलेली नाही. कॉलेजात बुद्धिबळ खेळायचो, आणि तिथेही मला मारताना समोरच्याला वाईट वाटायचं. म्हणून मी फक्त त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले.

सुऱ्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. काहीतरी सुटून तुकड्यांच्या परातीत पडलं.

"तो तुकडा नको," हेल्मेटवाला म्हणाला.

तो माझा दात होता.

मी मिठी सोडली नाही. बापाने माझं एक बोट पकडून उलटं वळवलं. ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. आवाज आधी आला आणि दुखणं नंतर, त्यामुळे मधल्या वेळात मी कुतूहलाने वाट पाहत होतो. मग दुखणं आलं. मी इतक्या जोरात किंचाळलो की पिंजरे कलंडले आणि कोंबड्या रांगेतल्या पायांमधून सैरावैरा सुटल्या. बापाने मला गुडघ्याने बाजूला केलं, छातीवर पाय दिला आणि सुरा उचलला. मला कापायला उचलला, की नुसता शाळेत न्यायला, ते मी आजवर विचारलेलं नाही. माझ्या छातीवरून त्याने पुढचं पाऊल टाकलं ते दाराबाहेर जाणारं होतं.

आईने पाण्याचं पातेलं उचललं नाही. नुसतं कलंडवलं.

पाणी फरशीच्या उतारावरून माझ्या कडेने निघालं आणि बापाच्या पायांपाशी पोचलं. त्याने चप्पल घातली होती, पण चपलेला वरून पट्टाच असतो. तो असा ओरडला की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. सुरा पडला, मग तो पडला. पडल्यावर हातही पाण्यात गेले.

"पाणी जास्त तापलं होतं," आई म्हणाली.

मग आजींनी खाली वाकून स्वतःची पिशवी शोधली.

त्यानंतर दुकान बंद झालं असं तुम्हाला वाटेल. आईने बापाला स्टुलावर बसवलं, त्याचे पाय गार पाण्याच्या बादलीत घातले, सुरा धुतला आणि ती ओंडक्याशी उभी राहिली. हेल्मेटवाल्याला तिने बारीक तुकडे करून दिले. तो घेऊन गेला. बाप बादलीतून तिला शिव्या देत होता. सगळ्या शिव्या तिच्या माहेरावरून होत्या, आणि ती कोंबडी कापत प्रत्येकीला "हूं" म्हणत होती. मी ॲप्रनमध्ये बोट गुंडाळून भिंतीला टेकलो होतो.

कात्री आली ती पायरीवरच थांबली. तिने बापाचे पाय पाहिले, माझं तोंड पाहिलं, दुकानभर उडणारी पिसं पाहिली.

"पाणी कुणी सांडलं?"

"मी," आई म्हणाली. "कसा गेला पेपर?"

"पूर्ण सोडवला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पिसं पोत्यात भरायची होती, सर."

"इकडे ये!" बाप गरजला. "उद्या कुठे जातेस बघतो मी. ही लांब जीभ..."

त्याच्या हाताला सळई लागली. कात्री आईला म्हणत होती, "उद्या गणित आहे, मला जरा..." सळई सुटली, कात्रीने मान खाली घातली, सळई डोक्यावरून जाऊन वजनकाट्याची काच फोडून गेली, कात्रीने मान वर केली, "...बसायला जागा दे." वाक्य कुठेही अडखळलं नाही.

आईने काचा बाजूला केल्या. "मास्तर, आज आम्ही दोघी तुमच्या वर्गातच झोपणार. मोठ्या बाईंना सांगा. आणि उद्या बदलीला जरा दांडगा माणूस पाठवा. हा उभा राहू शकत नाही, पण फेकतो."

कात्रीने एक पिंजरा उलटा घातला, माझ्याशेजारी बसली आणि दप्तरातून गणिताचं पुस्तक काढलं. पिंजऱ्यावर आपटलेला माझा एक डोळा सुजून मिटला होता आणि पेन्सिल धरता येत नव्हती, म्हणून गणित तिनेच मांडलं, तिनेच सोडवलं आणि कागद माझ्या उघड्या डोळ्यासमोर धरला.

"चुकलंय," मी म्हणालो.

वर्गात ती माझ्यासमोर कितीदा तरी चुकली असेल, आणि दर वेळी उलटून बोलली असेल. इथे तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले आणि तिने डोळे मिटून घेतले. आम्ही दोघं तसेच थांबलो. आईचा सुरा ओंडक्यावर पडत होता. एक कोंबडी पोत्यावर चढून बसली.

कात्रीने एक डोळा उघडला.

"मग?"

"मग काय? पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. तेही चुकलं.