दोन शेड

तुम्ही दिवाळीच्या बाजारातलं आसावरीचं टेबल काढून घेतलंत आणि कारण लिहायला तुमचा हात धजावला नाही. 'काही अपरिहार्य कारणांमुळे', एवढंच मेलमध्ये लिहिलंत आणि खाली जोडलेले दोन हात चिकटवलेत. नऊ जणांची समिती. कुणी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, कुणी टेलिकॉमचं, आणि नऊ जणांना मिळून एक खरं वाक्य लिहिता आलं नाही. मग काय झालं ते नीट ऐका.

डॅलसजवळच्या प्लेनोतल्या तिच्या घराच्या गराजमध्ये गाडीला जागा नाही. तीन वर्षं झाली, गाडी बाहेर उन्हात भाजतेय आणि आत शिलाई मशीन, कॅनव्हासचे ताके आणि कापडावर चित्र उमटवणारं हीट प्रेस ठाण मांडून बसलेत. आसावरी पिशव्या शिवते. लांबोळक्या, आडव्या पट्ट्याच्या. त्यांवर चित्र असतं ते व्हर्नेटा पिअर्सन या बाईंनी काढलेलं. व्हर्नेटाबाई दक्षिण डॅलसच्या, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. तुम्ही 'कृष्णवर्णीय' म्हणाल, त्या स्वतःला ब्लॅक म्हणतात आणि मान वर करून म्हणतात. त्यांची आजी पूर्व टेक्ससमध्ये कापूस वेचायची, माणसाहून लांब पिशवी जमिनीवरून ओढत. तीच आजी त्या काढतात. डोक्याला रंगीत फडकं, खांद्यावर पट्टा, चेहरा पक्का काळा आणि नजर थेट बघणाऱ्यावर.

आसावरीने हे चित्र पहिल्यांदा एका चर्चच्या बाजारात पाहिलं आणि तिचा पाय पुढे निघेना. तिची आई हंगामात वर्ध्याकडे रोजानं कापूस वेचायला जायची, कमरेला ओटी बांधून. ओटी भरली की बाई सात महिन्यांची गरोदर दिसायची. हे तिने व्हर्नेटाबाईंना हातवारे करून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं पोटावर, आमचं पाठीवर. ओझं तेच."

तिथेच ठरलं. चित्र बाईंचं, पिशवी हिची, आतल्या कापडावर दोघींची नावं.

आता खोटं कशाला बोला, पहिल्याच नमुन्यात आसावरीने घाण करून ठेवली. हिचं लग्न ठरत होतं त्या काळात नागपुरात लग्नासाठी मुलीचा फोटो काढायचा म्हटलं की स्टुडिओवाला न विचारताच रंग दोन शेड उजळ करून द्यायचा. आसावरीचाही केला होता. लग्नानंतर पहिल्यांदा घरात शिरली, तर आत्येसासू एकदा फोटो बघत होती, एकदा तोंड. त्या स्टुडिओवाल्याचा हात हिच्या हातात कधी शिरला ते हिलाच कळलं नाही. कॉम्प्युटरवर चित्र उघडलं, म्हणाली चेहरा जरा उठून दिसायला हवा, आणि माउस सरकवला.

व्हर्नेटाबाईंनी पिशवी हातात घेतली. चष्मा कपाळावर चढवला.

"माझ्या आजीला आंघोळ कुणी घातली?"

आसावरीला गराजची फरशी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. बाई ओरडल्या नाहीत. एका कागदावर त्यांनी लिहिलं: चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही. खाली स्वतः सही केली, पेन हिच्याकडे सरकवलं. तो कागद हीट प्रेसच्या वर भिंतीला टेपने चिकटवलेला आहे.

बुधवारी संध्याकाळी मोरेश्वरकाकांचा फोन आला. काका तुमच्या समितीचे सेक्रेटरी. आसावरीचे हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर. सोळा वर्षांची अनिका, तिची मुलगी, शेजारी बसून शिलाईचे दोरे कापत होती.

"आसावरी, पिशव्यांचे फोटो पाहिले गं. फिनिशिंग फार सुंदर."

"थँक यू, काका."

"फक्त ते चित्र. दिवाळीचा बाजार आहे, आपली संस्कृती असते. हे आपलं नाही ना."

"कापूस वेचणारी बाई आहे, काका. माझी आई तेच करायची."

"हो, हो. मी तुझ्याच बाजूनं बोललो मीटिंगमध्ये. समितीतल्या शोभनानं मार्गही सुचवला. चेहरा जरा उजळ कर, एक-दोन शेड. कपाळाला टिकली लाव. नथ घातलीस तर काय, प्रश्नच मिटला. पाच मिनिटांचं काम. आपली बाई होऊन जाईल."

प्रेसचा टायमर वाजला. आसावरीने झाकण उचललं नाही.

"गेल्या वर्षी शोभनाकाकूंनी बुद्धाच्या डोक्याच्या मेणबत्त्या विकल्या. टाळूतून वात. ते आपलं होतं?"

"ते डेकोरेटिव्ह होतं गं." काकांनी सूर बदलला. "तू नागपूरची ना? नागपुरात कुठे, धरमपेठेत?"

हा प्रश्न आसावरीला कॉलेजपासून पाठ आहे. आडनावावरून अंदाज लागला नाही की लोक मोहल्ला विचारतात. विमानातून सात समुद्र ओलांडून आले, सामानात हा प्रश्न तेवढा न विसरता घेऊन आले.

"इंदोऱ्यात," ती म्हणाली. "आमच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे. तिच्या डोक्यावर काडी ओढत नाही आम्ही."

"अच्छा, अच्छा," काका म्हणाले. दुसऱ्या 'अच्छा'त सगळं आलं. "बरं, विचार कर."

"केला. रंग बदलणार नाही."

फोन बंद करून तिने झाकण उचललं तेव्हा कॅनव्हास करपून पिवळा पडला होता. अनिकाच्या हातातली कात्री उघडीच राहिली होती.

"आय लुक लाइक हर," ती म्हणाली. "काका नोज दॅट, राइट?"

खरंच दिसते, पिशवीवरच्या बाईसारखी. आईहूनही सावळी आहे पोर. आसावरीने करपलेली पिशवी बाजूला टाकली, दुसरी लावली. सकाळी तुमचा मेल आला.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तुमचा बाजार भरला. बाहेर पार्किंगमध्ये आसावरीने गाडीची डिकी उघडली आणि वरच्या झाकणाला पिशव्या टांगल्या. एक पिशवी खांद्यावर अडकवून अनिका डिकीत पाय लोंबकळत बसली. पैठण्या नेसलेल्या बायका येता-जाता बघत होत्या आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घालत होत्या. दहा मिनिटांत मोरेश्वरकाका छातीवर बिल्ला लावून बाहेर आले, मागोमाग शोभनाकाकू.

"अगं, असं काय करतेस? इथे विकायला परवानगी लागते."

"विकत नाहीये, काका. मेलमध्ये कारण राहून गेलं होतं, ते न्यायला आले."

तिने एका पिशवीचं पुठ्ठ्याचं लेबल काढलं, कोऱ्या बाजूने पुढे धरलं, वर पेन ठेवलं.

"समितीचा निर्णय आहे. मी एकटा काय करणार?"

"मग समितीचंच लिहा. बुधवारी फोनवर बोललात तेच. आठवत नसेल तर मी सांगते, तुम्ही उतरवून घ्या."

"तमाशा नको गं, आसावरी," शोभनाकाकू म्हणाल्या. "सणाचा दिवस आहे."

"एक ओळ मागतेय, काकू. तमाशा तुमच्या मीटिंगमध्ये झाला."

काका हसले. समजूत घालताना हसतात तसं. "तुझ्या भल्यासाठीच सांगत होतो गं. लोक घेताना बघतात, चेहरा प्रसन्न हवा, जरा..."

अनिका डिकीतून खाली उतरली. ही मुलगी काका-काकूंना लहानपणापासून इंग्रजीतच उत्तर देत आली आहे, आणि तिचं मराठी सुटलं म्हणून याच काकूंनी दर गणपतीत तिच्या आईला टोमणे मारलेत. तिने आईच्या हातातलं लेबल आणि पेन काढून घेतलं.

"काका, फोन स्पीकरवर होता," ती म्हणाली. मराठीत, शब्द एकेक करून. "मी पण ऐकलं."

काकांनी आसावरीकडे पाहिलं. मग गाडीच्या नंबरप्लेटकडे. मग स्वतःच्या बिल्ल्याकडे.

"बेटा, तुला कुणी काही म्हटलेलं नाही..."

"माझ्याकडे बघून सांगा." तिने लेबल त्यांच्या छातीपाशी धरलं, बिल्ल्याला टेकवून. "किती शेड, काका? आकडा लिहा."