मामाची हिरवीगार पट्टी

भाची प्रयोगशाळेत रेणू बनवते याचा मामाला इतका अभिमान, की पँट आखूड करून घ्यायला आलेल्या माणसाचीही ते ऐकल्याशिवाय सुटका नसे. मामा शिंपी. दुकानामागच्या खोलीत एकटाच राहायचा, आणि लाड करायला त्याला जगात ही एक भाची.

मध्यंतरी जड कात्री हातातून निसटली ती थेट पायाच्या अंगठ्यावर पडली. त्यात मामाला साखरेचा त्रास. जखमेत जंतू वाढले आणि वेळेवर कळलं नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं. पायानं मशीन चालवणाऱ्या माणसाला घामच फुटला. पण भाचीची प्रयोगशाळा नेमकं तेच काम करत होती: जंतूंशी गाठ पडली की रंग बदलणारे रेणू. त्यांचा लेप दिलेली पट्टी तिनं मामाच्या बँडेजमध्ये बसवून दिली. हिरवी म्हणजे जखम स्वच्छ, लाल झाली तर दवाखाना गाठायचा. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं, असं म्हणून ती स्वतःवरच खूश झाली.

मग रोज सकाळी तिचा फोन.

"मामा, पट्टी?"

"हिरवीगार."

एका सुट्टीला ती न सांगताच दुकानात टपकली. मामा स्टुलावर पाय टाकून निवांत बटणं लावत होता, आणि बँडेजमधली पट्टी लालभडक झाली होती.

तिनं मामाला तसंच उचलून टॅक्सीत कोंबलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, औषध बदललं आणि आज आलात म्हणून अंगठा वाचला, असं म्हणाल्या. परतीच्या वाटेवर भाचीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"माझ्याशी खोटं बोललास, मामा? पट्टी लाल दिसत असताना?"

मामानं तोंड खिडकीकडे वळवलं. "दिसली असती तर बोललो नसतो गं. मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. दोन्ही मातकट. जन्मापासून."

"मग हिरवीगार कशाला सांगायचास?"

"तू इतक्या हौसेनं विचारायचीस. लाल म्हणायला जीभच वळायची नाही."

भाचीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मामाच्या दुकानाचा एक नियम होता: दोरा गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं निवडायचा. गिऱ्हाईकाला असा मान देणारा शिंपी दुसरा नाही, असं लोक कौतुकानं म्हणायचे. मामानं आयुष्यभर झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती. तिला हसू फुटलं, मग मामालाही आवरेना. टॅक्सीवाला आरशातून या दोघांकडे बघत राहिला.

हसू ओसरल्यावर मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. प्रयोगशाळेत पट्ट्या तपासणाऱ्या सगळ्या तिच्या मैत्रिणीच, आणि सगळ्यांना रंग लख्ख दिसायचे. कित्येक पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे तिनं परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण पट्टी बनवताना ते तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अडगळीत टाकलेला एक रेणू बाहेर काढला. तो गडद निळा. टॉर्च मारला की पांढरा पडायचा आणि टॉर्च विझवला की थोड्या वेळानं पुन्हा गडद व्हायचा. जंतू असले तर मात्र पांढराच राहायचा. एवढी वाट कोण बघत बसणार, म्हणून सगळ्यांनी त्याला नापास केलं होतं. पण याच्यात रंग कुठला हे ओळखायचंच नव्हतं, तो परत आला की नाही एवढंच पाहायचं होतं.

औषधं संपली त्या सकाळी नवी पट्टी मामाच्या अंगठ्यावर होती. भाची मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून दारात उभी राहिली. मागे टॉर्चचं बटण वाजलं.

"पांढरी झाली," मामा म्हणाला. "टॉर्च विझवला."

ती मनातल्या मनात आकडे मोजायला लागली.

"अजून पांढरीच आहे." ती वळायला लागली. "वळू नकोस. थांब जरा."

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"कडेनं यायला लागली. येतेय. आली गं, सगळी गडद झाली. जंतू नाहीत. बघ आता."

तिनं वळून पाहिलं. पट्टी गडद निळी होती.

"बरोबर सांगितलं का?"

"अगदी बरोबर."

मामानं बाहीनं डोळे पुसले. "आजवर सगळे मला रंग सांगत आले," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा मी कुणाला तरी सांगितला."