सव्वातीन-सोळा

जानराव गुरुजींचा कणा उभ्या आयुष्यात कधी वाकला नाही. डोणगावात ही गोष्ट कोणी सिद्ध करायला जात नाही. ती त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरच छापली होती, दहा बाय आठ फूट. वास्तविक शेवटच्या वर्षी तो कणा मेहकरच्या हाडाच्या डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्यावर उभा होता, आणि सकाळी खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत. पण पट्टा सदऱ्याच्या आत असे. फ्लेक्स बाहेर असतो.

गुरुजी नोव्हेंबरात गेले. त्यांचा मुलगा संघपाल, वय एकोणपन्नास, मेहकरच्या कॉलेजात हेड क्लार्क. त्याला रडू आलं नाही. त्यानं रजेचा अर्ज भरला, मृत्यूच्या दाखल्याच्या सहा प्रती काढल्या, पुण्यानुमोदनाच्या जेवणात डाळ कमी पडू दिली नाही. आत्या त्याच्याकडे बघत बघत म्हणाली, "गोठला पोरगा." संघपालला वाटलं, असेलही. त्यानं चौकशी केली नाही.

मार्चमध्ये जयंती समितीची बैठक झाली आणि गुरुजींच्या मोटरसायकलचा विषय निघाला. ब्याऐंशी सालापासून चौदा एप्रिलच्या रॅलीत सगळ्यात पुढे गुरुजींची जावा असे. हँडलला निळा झेंडा, वर गुरुजी, छाती पुढे आणि मान अशी ताठ की मागच्या पोरांनाही आपोआप सरळ बसावं वाटे. गेल्या वर्षी रॅली संपता संपता मागचं टायर फाटलं. तेव्हापासून गाडी घराच्या पडवीत उभी होती आणि दोन्ही टायरना शेतातल्या मातीसारख्या भेगा पडल्या होत्या.

समितीचा अध्यक्ष राजकुमार. त्यानं नुकतीच मोठी चारचाकी घेतली होती.

"संघपाल भाऊ, गुरुजीचा मान तो गुरुजीचा मान," तो म्हणाला. "पन गाडी चालू पायजे. ढकलत नेता येत नाई ना बापा. नसन होत तर टेन्शन नका घेऊ. माह्या गाडीचं छत उघडते. झेंडा वरून काढू."

संघपालनं घरी येऊन हे आई बनाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"छत उघडते म्हने," बनाबाई म्हणाली. "पान्यात काय करीन तो? तुह्या बाबाची गाडी पुढं राहीन. नाई तं मी यंदा वट्ट्यावर बी येत नाई पाह्याले."

एवढंच बोलली. पण नवरा गेल्यापासून तिनं कशाचाही हट्ट धरला नव्हता, जेवणाचासुद्धा. संघपाल उठला, पडवीत गेला आणि मागच्या टायरवरची धूळ पुसून जाडीचा आणि रिंगेचा इंचातला आकडा वाचला. सव्वातीन-सोळा. पुढचं टायर पार गुळगुळीत झालं होतं, त्यावर अक्षर उरलं नव्हतं. पण एका भावाचं आडनाव कळल्यावर दुसऱ्याला कोण विचारतं?

मेहकरच्या दुकानदारानं सांगितलं की हा साइज बंद झाला. खामगावच्या दुकानदारानं सांगितलं की हा साइज कधी नव्हताच. तिसऱ्यानं आनंदानं आत जाऊन एक टायर आणलं.

"घ्या. सोळाचं."

"हे मोपेडचं आहे."

"सोळाचंच हाय ना पन."

"जाडी कमी आहे. अडीच."

"भाऊ, बसन तं मस्त. जाडीचं काय घेऊन बसले? मानसं बी बारीक होऊन राह्यले आजकाल."

संघपालनं खिशातल्या डायरीत लिहिलं: मेहकर, खामगाव, तीन दुकानं, नाही. गेल्या चार महिन्यांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. म्हणजे काही वाटत नव्हतंच, पण आता त्याला तारीखवार नोंद होती.

शेवटी नांदुऱ्यात, स्टेशनच्या बाजूला, कारभारी नावाचे एक म्हातारे टायरवाले भेटले. त्यांनी आकडा ऐकला, चष्मा काढला.

"जावा?"

"हो."

"कोनाची?"

"वडिलांची."

"हायेत का?"

"नाहीत."

"मंग चांगलंच टायर पायजे," कारभारी म्हणाले. यामागचा हिशोब संघपालला कळला नाही, पण त्यांनी लुधियानाला फोन लावला आणि आठ दिवसांनी दोन टायर आले, कोरे, काळेभोर, सव्वातीन-सोळा. ते खांद्याला अडकवून संघपाल एसटीत चढला. कंडक्टरनं त्याला खालीवर पाहिलं.

"याइचं अर्धं तिकीट लागन."

"दोघांचं?"

"एक मांडीवर घ्या."

तो एक मांडीवर घेऊन आला.

गाडी कचरूकाकाच्या गॅरेजात नेली. कचरूकाका सत्तरीचे, गुरुजींच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा पाना कधी लागला नव्हता. मागचं टायर दहा मिनिटांत बसलं. पुढचं त्यांनी हातात घेतलं, रिंगेजवळ धरलं आणि खाली ठेवलं. मग बिडी काढली.

"काय झालं?"

"नाई बसत."

"का?"

"पुढची रिंग अठराची हाय."

संघपाल रिंगेकडे बघत राहिला. आता सांगितल्यावर ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पुढचं चाक मागच्यापेक्षा चांगलं दोन इंच मोठं होतं. मडगार्डसुद्धा वर उचलून बसवलेलं होतं.

"अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट," कचरूकाका म्हणाले. "तुहे बाबा पेपर तपासून येऊन राह्यले होते, अन् नाल्यात गेले. रिंग वाकडी. जयंती चार दिवसावर. सोळाची रिंग भेटेना. माह्यापाशी राजदूतची पडेल होती, ते टाकली. म्हनलं, गुरुजी, तात्पुरती हाय बरं. ते म्हने, जयंती झाली की बदलू."

"मग?"

"मंग काय. त्या साली रॅलीत जो तो म्हने, गुरुजी काय बसले बे, राजावानी. थे कायचे बसतात? पुढून गाडी उचलेल, मानूस मांगं रेलते. छाती आपोआप वर येते." कचरूकाकांनी बिडी विझवली. "दुसऱ्या वर्षी मी सोळाची रिंग आनली होती. म्हनलं, बदलू का? म्हने, राहू दे कचरू."

संघपाल गॅरेजातल्या ऑइलच्या डब्यावर बसला. हसावं की काय करावं, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो नुसता बसला.

"थे रिंग अजून हाय माह्यापाशी," कचरूकाका म्हणाले. "टाकू? दोनी सोळा. कंपनीतून निंगाली तशी बरोबर होऊन जाईन."

महिनाभर तो बरोबर टायरच शोधत होता. नांदुऱ्यापर्यंत गेला होता. एक मांडीवर घेऊन आला होता.

"नको," तो म्हणाला. "अठराचंच टाका."

अठराचं टायर समोरच्याच दुकानात टांगलेलं होतं. रस्ता ओलांडून घेऊन यायला दोन मिनिटं लागली, तीही मध्ये ट्रॅक्टर आला म्हणून. उरलेलं सव्वातीन-सोळा त्यानं घरी आणून पडवीच्या खुंटीला अडकवलं.

"हे काऊन उरलं?" बनाबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही हात न थांबवता.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"मी मांगं बसत होतो ना. सारखी घसरत जावो मांगंमांगं. मंग त्यायची कंबर धरा लागे." तिनं तांदळातला खडा फेकला. "तवाच्या काळात चारचौघात नवऱ्याची कंबर धरनं चांगलं दिसत नसे. पन काय करता? पडलो असतो."

चौदा एप्रिलला राजकुमारनं शब्द पाळला. चारचाकी मागे लावली, छत उघडलं नाही. बनाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून घरापुढच्या वट्ट्यावर येऊन बसली. संघपालनं किक मारली. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. तो सीटवर बसला आणि त्यानं काहीही न करता पाठ मागे गेली, छाती वर आली, मान ताठ झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे बाप, गुरुजीच बसले!" दोन-तीन बायांनी डोळ्याला पदर लावला. संघपालच्या कमरेत कळ आली. बाकी काही आलं नाही.

"चला भाऊ, पुढं या, अजून पुढं," राजकुमार हात करत ओरडला. पोरांनी वाट करून दिली. शंभर-सव्वाशे गाड्या, झेंडे, डीजे, सगळं मागे सोडत संघपाल रॅलीच्या अगदी टोकाला येऊन उभा राहिला.

त्याच्यापुढे पोलिसांची जीप होती. ती दरवर्षीच असते.